गंगेवर गवळीवाडा

डिगे सरांनी फळ्यावर लिहिलं :
गंगेवर गवळीवाडा.
म्हणाले, पाण्यावर वस्ती होत नसते,
म्हणजे मुख्यार्थाला बाध.
मग शेजारचा अर्थ घ्यायचा : काठ.
हीच लक्षणा. पाच मार्कांना हमखास.

मी वहीत उतरवून घेतलं,
शेणाचा वास न गेलेल्या बोटांनी.

पहाटे गंगावेशीत आण्णा म्हशी उभ्या करतात.
मी धार काढते, पाठ करते :
अभिधा, व्यंजना, अपन्हुती, अनन्वय.
अनन्वय लगेच कळला,
चंद्रीसारखी चंद्रीच.
अपन्हुती पलीकडच्या डेअरीवाल्याकडून शिकले :
‘हे पाणी न्हवं ताई, दूधच हाय.’
गिऱ्हाईक फेसाळ पेला रिकामा करून म्हणतं, नाद खुळा!
आता यात मुख्यार्थ कुठला
आणि बाध कशाला,
सरांना विचारायचं राहिलंय.

परीक्षेत तोच प्रश्न आला.
पेन अडलं.

त्या साली पंचगंगा गोठ्यात शिरली.
आण्णांनी विळ्यानं दावी कापली.
आम्ही सहाजण पत्र्यावर,
खाली काळ्या पाठी पोहत निघालेल्या.
चंद्रीच्या आईची शिंगं
पाटलांच्या बोळापर्यंत दिसली.
तीन दिवस
गवळीवाडा गंगेवर होता.
कसलाच बाध नव्हता.

घंटेला दहा मिनिटं होती.
मी लिहिलं : काठ.

पाचपैकी साडेचार.
अर्धा मार्क कापलाय,
समासात लाल शेरा :
उदाहरण स्वतःचं हवं होतं.