शेडकार्ड

एकेचाळीस वर्षं मी सूत रंगवलं
अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत, तिसऱ्या हौदावर.
नखं अजून निळी आहेत. साबण हरला.
म्हणून स्रवंती जेव्हा म्हणाली,
नाना, हायड्रोजनलाही रंग असतात,
मी ताट बाजूला सरकवलं. दाखव म्हटलं.

तिनं वहीच्या मागच्या पानावर चौकोन आखले,
आमच्या शेडकार्डासारखे.
राखाडी: जमिनीतला वायू, वाफ, आणि धूर मोकळा.
निळा: तोच वायू, तीच वाफ,
धूर तेवढा पकडून खाली गाडायचा.
म्हणजे राखाडीवरच दुसरा हात मारलेला, मी म्हणालो.
ती हसली. पण खोडलं नाही.
कोळशाचा काळा. अणुविजेचा गुलाबी.
कुठला गुलाबी? राणी की अबोली?
तिला माहीत नाही. पॉलिटेक्निकात शिकवत नाहीत.
फिरोजीत म्हणे कार्बन धूर होतच नाही,
काजळीसारखा तळाला बसतो.
हा मला पटला. गाळ दिसतो, खरवडता येतो.
पांढरा कुणीच करत नाही,
तो खडकाच्या पोटात आपला आपण साठतो.
आणि हिरवा, ज्याच्यासाठी एवढा गाजावाजा:
उन्हाच्या, वाऱ्याच्या विजेनं पाणी फोडायचं.

बाटलीत भरला की दिसतो कसा?
कसाच नाही, नाना. सगळे सारखे. बिनरंगी.

मी वही मिटली.
रंग सुतात नसून पावतीवर असेल
तर त्याला आमच्या धंद्यात वेगळा शब्द आहे.

ती काही बोलली नाही. उठली.
ग्लासभर पाणी, चिमूट सोडा,
दोन्ही टोकं तासलेल्या दोन पेन्सिली, चौकोनी बॅटरी.
राजमणी आतून ओरडली:
नळाला आज तिसरा दिवस, अजून दोन काढायचेत,
आणि तुम्ही बापलेक पाणी फोडताय!
एका पेन्सिलीला दाट बुडबुडे, दुसरीला निम्मे.
दाटवाले तिनं उलट्या नळीत धरले,
काडी लावली. टुप्.
नळीच्या आत दव धरलं.
झालं की परत पाणी, स्रवंती म्हणाली.
मग पिंपात ओत, राजमणी म्हणाली.

मी बॅटरी उचलून पाहिली.
ही कुठल्या विजेवर बनली?
रात्री ऊन नाही, वारा पडला,
कारखाना कोळशाच्या विजेवर तसाच चालू ठेवला,
तर तो लॉट कुठल्या चौकोनात?

म्हणूनच आता नुसतं नाव चालत नाही, ती म्हणाली.
वजन करतात. किलोभर वायूमागे
किती किलो धूर. आपल्याकडे
दोनच्या वर गेला की हिरवा म्हणायचं नाही.

हां. आता बोललीस.
डोळ्यांनी शेड लावणारे मास्तर मी पुष्कळ बघितले,
दिवाळीनंतर लॉट जुळायचा नाही, मालक हाकलायचा.
तराजूवाला टिकतो.
पण तराजू कुणाचा, ते विचार.
गिऱ्हाईक पांढरा रुमाल ओला करून
चादरीवर घासतं ना,
तसं घासणारं कुणीतरी पाहिजे.

ती वहीत काहीतरी लिहायला लागली
आणि लाइट गेली.
गल्लीतले सगळे माग एकदम थांबले.
इतकं गप्प आमचं घर मी कधी ऐकलं नव्हतं.
ग्लासात पेन्सिली तशाच होत्या,
बुडबुडे अजून येत होते.
दिसत नव्हते.
कान लावला तर बारीक चुरचुर,
नवं सूत पहिल्यांदा हौदात जाताना करतं तशी.