हातचा

अल-रम्सच्या किनाऱ्यावर, खाऱ्याचं गोडं करणाऱ्या कारखान्यात
दर एक्केचाळिसाव्या रात्री
चार अब्ज लिटर पाणी नाहीसं व्हायचं.
गळती नाही. नळ तसेच वाहते.
फक्त मोजणी शून्यावर.

बत्तीस घरं. घराघरात एक भरला
की पुढच्या लिटराला जागा नाही.
हातचा एक यायचा
आणि त्याला धरायला हातच नसायचा.

हे कळायला मला दोन रात्री लागल्या.
खल्फान अल-शेहीची वही समोरच होती,
पडद्यावर विश्वास नाही म्हणून तीस वर्षं
तो आकडे हाताने उतरवतो.
तीन वाजून बारा मिनिटांच्या ओळीत एक ठिपका.
मला वाटलं, शाई सांडली.
मी तारा तपासल्या, चकती तपासली.
शेवटी त्याने ठिपक्यावर बोट ठेवलं: सिफर.
त्यांचं शून्य एवढंच असतं.
आपलं वाटोळं पूज्य तिकडे पाच होतं.

मग चौसष्ट घरं केली.
पण जुन्या डब्याचा घास बत्तिसाचाच;
आकडा दोन घासांत खावा लागतो.
वरचा वाचला: शून्य.
खालच्याकडे वळेपर्यंत तोही उलटून शून्य.
पाणी पुन्हा गायब, या खेपेस माझ्या हातून.

म्हणून आता: वरचा वाच, खालचा वाच,
वरचा परत वाच.
बदललेला दिसला, तर वाचलेलं सगळं खोटं,
पहिल्यापासून.
खाली टीप लिहिली:
ही ओळ उगाच वाटेल. काढू नका.

एक्केचाळिसावी रात्र. करक चहा, त्यावर साय धरलेली.
वाट बघताना कांबळीबाईंच्या वर्गातली उजळणी आठवली,
निखर्व, महापद्म, शंकू, जलधी…
जलधी हा आकडाही आहे, विसरलोच होतो.
हिशेब केला: या नळांनी एक जलधी लिटर भरायला
सव्वीसशे वर्षं.
खल्फानला सांगितलं. तो म्हणाला,
तेवढी पानं नाहीत वहीत.

तीन बारा.
काहीच झालं नाही.
त्याने चष्मा पुसला, अक्षरं उजवीकडून लिहिली,
आकडा मात्र माझ्यासारखाच डावीकडून:
चार, दोन, नऊ, चार, नऊ, सहा, आठ,
ठिपका, ठिपका,
एक.