उद्यमबागेतलं चाक

शंभर मीटर. सतरा सेकंद.
तेवढ्यात आमच्या लेथवर
बोल्टाला धड आटे पडत नाहीत.

वैजूच्या खुर्चीचं पुढचं चाक
जरा डावीकडं ओढतं.
मीच जोडलंय ते, लाईट गेलेल्या दुपारी,
नुसत्या नजरेच्या अंदाजानं.
"असू दे हो भरमाकाका," म्हणाली,
"डावा हात जास्त मारीन."

आता मोबाईलात दुबईचा ट्रॅक,
फौंड्रीतली बाराजणं एका काचेवर.
समालोचक तिचं कंग्राळकर मोडून टाकतो.
कल्लाप्पा ओरडतो, "होडी! होडी!"
आमच्यात होडी म्हणजे नाव,
त्याच्यात, मार.
मीही तेच ओरडतो.

चौथी.
मशिनं परत सुरू झाली.
मी अजून बघतोय,
रेषेपलीकडं, हातमोजा दातानं ओढून,
ती डावा खांदा चोळतेय.