रोजची

तीन दिवस ते एकाच ओळीपाशी अडून होते.
खाली बाणकोटची खाडी, भरती, ओहोटी, पुन्हा भरती,
वर ओसरीवर साहेब, कपाळाला ओलं फडकं,
हिवतापानं दात वाजतायत,
तरी बोट त्या एका शब्दावर.

समोर पुरुषोत्तम शेणवी, मुनशी, राहणार वेळास.
महिना सात रुपये.
साहेबाच्या पुस्तकाला हात लागला
की घरात शिरण्याआधी आंघोळ,
कुणी विचारलं तर म्हणत, आज उकडतंय.

"अन्न," मुनशी म्हणाले पहिल्या दिवशी.
साहेबानं मान हलवली.
अन्न फार मोठं.
अन्न पंगतीत बसतं, सोवळं नेसतं,
अन्नाला संस्कृत येतं.
त्याला हवी होती
भुकेल्या पोराच्या मुठीत मावेल अशी वस्तू.

दुसऱ्या दिवशी साहेब म्हणाला, "पाव."

मुनशींनी बोरू खाली ठेवला.
वाऱ्यानं एक कागद उडाला, कुणी उचलला नाही.
"साहेब, आमचे पूर्वज गोव्याकडून रातोरात वर आले,
एका मचव्यात पितळेचा देव आणि तीन पोरं.
पहाटे विहिरीत कुणीतरी पाव टाकला होता म्हणतात.
ज्यांनी पाणी प्यायलं
त्यांना दुपारपर्यंत
सख्ख्या भावाच्या दाराची पायरी उरली नाही.
खरंखोटं देव जाणे.
पण आमच्याकडे अजून
दिवेलागणीला विहिरीवर फळ्या घालतात.
हा शब्द लिहाल
तर लोक तुमच्या पुस्तकावरही फळ्या घालतील."

साहेब बराच वेळ गप्प.
त्याला निघताना कुणी सांगितलंच नव्हतं
की त्याच्याआधी त्याचा देव इथे
विहिरीच्या वाटेनं येऊन गेलाय.

तिसरा दिवस.
रोटी? ती छावणीतली, शिपायांची.
घास?
"घास कुणीतरी भरवायचा असतो," मुनशी म्हणाले,
आणि स्वतःच थोडे थांबले. मग तोही खोडला.

ओसरीच्या टोकाला जात्याशी
नाचणी दळत बसलेली बाई हसली.
कुळवाड्याची. नाव येसू.
(पहिल्यांदा नाव ऐकलं तेव्हा साहेब उभाच राहिला होता.
मुनशींनी समजावलं, नाव जुनं आहे, बायकांचं आहे.)

"काय गं, हसलीस का?"

"देवाकडं मागताय, का सोयरीक जुळवताय?
भूक लागली की मानूस काय म्हनतो?
भाकर दे, म्हनतो.
भात कसला. भात सनाला."
आणि पुन्हा खुंटा धरला.

मुनशींनी लिहिलं. तीन अक्षरं.
शाई पातळ होती, शेवटचा र जरा पसरला.

याची नोंद कुठेच नाही.
मीच रचलंय, वेसवीच्या जेटीवर,
बागमांडल्याच्या फेरीबोटीची वाट बघत.
तो शब्द कुणाच्या तरी तोंडून पहिल्यांदा निघाला असणार,
एवढ्याच आधारावर.
साहेबाला मी कबर देईन, दगडावर नाव कोरून.
मुनशी शेवटपर्यंत आंघोळ करत राहिले असतील.
येसूच्या डोक्यावर पाणी कुणी शिंपडलं नसेल,
तिनं मागितलंही नसेल.
पीठ चाळून ती घरी गेली असेल,
हातभर अंधार पडायच्या आत.

आमच्या प्रार्थनेला रविवारी सोळा माणसं असतात.
दोन पंखे, एक चालू.
त्या ओळीपाशी आवाज आपोआप खाली येतो,
ताटावर वाकताना येतो तसा,
आणि मला आईचा तवा ऐकू येतो,
भाकरीवर पाणी फिरवतानाचं ते चर्र.

परवा वेळासला ऊन चढलं होतं.
एका अंगणात पाणी मागितलं.
म्हातारीनं आडनाव विचारलं.
सांगितलं.
ती जराशी थांबली.
मग विहिरीवरची फळी सरकवली.