डोक्यावरची कातडी

जानेवारीत, डुलुथला, पारा उणे सव्वीसवर असताना
क्रोटनच्या कुंडीतून तो निघाला.
कुंडी फ्लोरिडाची. पावती माझ्याकडे आहे,
तिच्यावर त्याचा उल्लेख नाही.

आधी वाटलं, पान चिकटलंय काचेला.
मग पानानं डोळे मिटले
आणि त्या डोळ्यांनीच
काहीतरी आत ढकलत गिळलं.

कोण रे तू?
ओठापासून कुशीपर्यंत पांढरी रेघ असती
तर हिरवा वृक्षबेडूक म्हणाले असते.
मांडीच्या आत पिवळं, डोळ्याखाली पांढरा ठिपका,
तर मग आमच्याकडचाच, राखाडी,
जो पाचोळ्याखाली गोठून पडतो
आणि एप्रिलात काही झालंच नाही असा उठून बसतो.
ह्याच्याकडे ह्यातलं काही नाही.
दुपारी सायीच्या रंगाचा, रात्री मातकट,
पाठ खरबरीत,
आणि बोटांची टोकं एवढी मोठी,
जणू दुसऱ्या कुणाचे बूट घालून आलाय.

वाचनालयातल्या जाड पुस्तकात होतं:
ओल्या बोटानं डोकं हलकेच चोळून बघा.
कातडी सरकते का?
सरकली नाही.
कवटीलाच शिवून टाकल्यासारखी.
मग विसरून मी त्याच बोटानं डोळा पुसला
आणि सिंकपाशी अर्धा तास रडले,
कुणी गेलेलं नसताना.
क्यूबन. शंका उरली नाही.

फोर्ट मायर्सहून मार्लिस म्हणाली,
"मावशी, दातदुखीचं मलम लाव त्याच्या पोटाला,
झोपला की फ्रीझरमध्ये ठेव.
इथे सगळे तेच करतात.
आमचे छोटे हिरवे खाऊन टाकले ह्यांनी,
अंगणातल्या दिव्याखाली आता एक दिसत नाही."
मार्लिस दुष्ट नाही.
लहानपणी गोगलगायींना उचलून
रस्ता ओलांडून द्यायची.

फ्रीझर उघडला.
वाटाणे, वॉलाय माशाचे तुकडे, तारीख उलटलेला ब्रेड.
बंद केला.
खिडकीबाहेर तर अख्खं गावच फ्रीझर.
परत पाठवायचा नाही, सोडायचा नाही,
राहता राहिली माझी जेवणाची खोली.

नळाच्या पाण्यात क्लोरीन मारणारे थेंब.
सकाळ-संध्याकाळ फवारा.
रातकिडे कॅल्शियमच्या भुकटीत घोळवून,
पिठीत मासे घोळवतात तसे.
हात लावायचा नाही,
तो पाणी तोंडानं नाही, कातडीनं पितो;
माझ्या हातचं क्रीम, साबण, मीठ,
सगळं प्यायला लागेल.
आठवड्यातून एकदा स्वेटर काढावा तशी
डोक्यावरून कातडी ओढतो आणि खाऊन टाकतो.
धुणं नाही, वाळत घालणं नाही.
ती चिकटलेलीसुद्धा सुटते मग,
वरचा एक पापुद्रा तरी.

नाव ठेवलं नाही.
मार्लिसला कळवलंही नाही.

काल पहाटे चारला
स्कारचा बर्फ लोटणारा ट्रक गल्लीत शिरला,
पातं डांबरावर खरवडत.
आणि काचेच्या पेटीतून आवाज आला.
डराव नव्हे.
गंजलेली बिजागरी कुणीतरी हळूहळू उघडतंय, तसा.
खरवड थांबली, तोही थांबला.
नर आहे, म्हणजे.

स्कारला काय माहीत,
वीस वर्षं ह्या रस्त्यावर तो जे ओरबाडतोय
त्याला कुणी उत्तर देईल.

आमची गल्ली पुढे बंद आहे.
त्याला वळून यावंच लागतं.
अंधारात आम्ही दोघं वाट बघत राहिलो,
मी दिवा लावला नाही.