टाकळा

तिसऱ्या वर्षाचा वर्ग, जेवणानंतरचा तास.
खाली देवगड बंदर, वर सड्यावर आमचं फार्मसी कॉलेज,
पत्र्यावर वारा असा की फळ्यावरचं वाक्य
पूर्ण करायला आवाज चढवावा लागतो.

मी अर्धायुकाल शिकवत होतो.
ठरावीक तासांनी औषध रक्तात निम्मं उरतं,
मग निम्म्याचं निम्मं, मग त्याचंही.
बावीस वर्षं हे सांगताना मी खिडकीकडे हात करतो,
म्हणतो, ती ओहोटी बघा.
बावीस वर्षं मुलं बघतात आणि लिहून घेतात.

यंदा शेवटून दुसऱ्या बाकावरून आवाज आला,
'सर, सुकती तशी नसता.'
उत्कर्षा कोयंडे, तारामुंबरी, हजेरी क्रमांक एकतीस.
'आधी सावकाश, मधल्या दोन तासांत पाणी धावता, मगे परत सावकाश.
आणि भरती परत येता. गोळी परत येतली काय?'

वर्ग हसला. मीही हसलो, जरा उशिरा.
मग कसं सांगू, म्हटलं.
'आकडेच सांगा, सर. आकडे कळतत.'

तास सुटल्यावर ती थांबली.
वहीत चार घड्या घातलेले लॅबचे कागद.
वडिलांच्या हृदयात धातूची झडप,
रात्री घड्याळ बंद असलं तरी घरात टिकटिक ऐकू येते.
रक्त पातळ ठेवायची गोळी, वॉरफरिन, रोज संध्याकाळी सातला.
आई कॅलेंडरवर फुली मारते. एकही चौकोन रिकामा नाही.
तरी मे महिन्यात आकडा तीन,
जुलैत दीड,
डोस वाढवला, तर सप्टेंबरात पाच
आणि दात घासताना बेसिन लाल.
'गोळये चुकवतत म्हणान डॉक्टर आवशीक वरडले.'

मी पुस्तकाच्या क्रमानं विचारत गेलो.
दुसरं औषध? नाही. वेदनाशामक? नाही.
दारू? ती माझ्याकडे नुसती बघत राहिली.
मग कधी कुणाला न विचारलेलं विचारलं,
जुलैत जेवतात काय?

'ता कित्याक? बंदीत होडये वर, म्हावरा नाय.
मगे रोज टाकळो, नायतर शेगलाचो पालो, नायतर...'

आणि तिथंच थांबली.
वही उघडली, मागचं पान, माझंच वाक्य, तिच्या अक्षरात:
हिरव्या पाल्यातलं के जीवनसत्त्व या औषधाला निष्प्रभ करतं.
उदाहरणार्थ पालक, ब्रोकोली.
ब्रोकोली मी एकदाच खाल्ली आहे,
पुण्यात, एका परिषदेच्या जेवणात.

तिनं आडव्या रेघेवर महिने मांडले, उभ्या रेघेवर आकडे.
जून-जुलै पाला चढता, आकडा उतरता.
ऑगस्टात होड्या पाण्यात, ताटात बांगडा,
पाला गेला, वाढवलेला डोस तसाच राहिला.
पेन टेकवून म्हणाली, हंयसर.
एवढंच.

टाकळा बंद करू?
नको, म्हटलं. थोडा खा, पण रोज सारखा,
आणि ताट बदललं की आकडा तपासा.
हा कागद डॉक्टरांना दाखव.
डोस तू बदलायचा नाहीस. मीही नाही.

रात्री माझ्याकडचे सगळे तक्ते चाळले.
पालक होता, कोबी होता, सलाडची चार नावं होती.
टाकळा कुठेच नव्हता.

दुसऱ्या दिवशी फळ्यावर पालकाखाली लिहिलं:
टाकळा, शेगल, अळू. प्रमाण?
प्रश्नचिन्हाशी खडू मोडला.
कुणीतरी विचारलं, सर, हे परीक्षेला आहे?
माहीत नाही, म्हटलं. बावीस वर्षांत पहिल्यांदा.

खिडकीकडे हात अजून जातो.
सवयीनं. मग मी तो खिशात घालतो
आणि आकडे सांगतो.