भांग

जिंतूरच्या दवाखान्यामागची खोली,
नळाला पाणी एक दिवसाआड.
डॉक्टर सही करून गेले,
पुढचं काम माझं.

एका कानापासून दुसऱ्यापर्यंत
टाके बारीक घातले,
माय गोधडीच्या कडेला घालायची तसले,
गाठ आतून.
ओल्या कापसानं तोंड पुसलं. नखातली माती राहू दिली,
ती तिची होती.

केस विंचरले अन् अडलो.
बाहेर येऊन विचारलं, भांग कोणीकडून?
नवरा भावाकडं पाहू लागला,
भाऊ चपलीकडं.
जमादार म्हणला, दगडोबा, उरक.

लिंबाखालून एक पोरगी उठली,
स्वतःच्या डोक्यावरून बोट फिरवलं.
इथून.
थोडा वाकडा पडतो तिचा.

आत आलो.
फणीचं टोक
तेवढंच वळवलं.